चौथ्या राउंडचं स्थळ

मार्कने बोर्डवरची जोनाहच्या नावाची पट्टी काढली आणि खाली, ‘सही करणार नाही’च्या रांगेत चिकटवली. मी उठले आणि ती पट्टी पुन्हा वर लावली.

मार्क आमच्या बेसबॉल टीमचा स्काउटिंग डायरेक्टर. कोणता नवा खेळाडू घ्यायचा, यावर शेवटचा शब्द त्याचा. मी त्याच्या हाताखालची ॲनालिस्ट. पोरगा किती वेगाने बॉल टाकतो, बॉल किती वळतो, पुढेमागे तो कुठवर जाईल, हे मी आकड्यांवरून सांगते. पट्ट्या हलवणं माझ्या कामात येत नाही. पण ड्राफ्टच्या त्या सकाळी माझ्या अंगातच आलं होतं.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते. दर उन्हाळ्यात सगळ्या टीम्स आळीपाळीने, एकेका राउंडला एकेक, शाळा-कॉलेजातले खेळाडू निवडतात. निवडलेल्या पोराला त्या वर्षी करार करायचा तर त्याच टीमशी करता येतो. पण शाळेतला पोरगा ‘नको’ म्हणून कॉलेजला गेला, तर चौथ्या राउंडपासून पुढची निवड सरळ वाया जाते. म्हणून प्रत्येक पोराबद्दल एकच चिंता असते, हा सही करेल का? आमच्या धंद्यात याला साइनेबिलिटी म्हणतात. नागपुरात याला ‘होकार येईल का’ म्हणतात.

आणि होकार ओळखणं माझ्या घराण्यातच आहे. माझी सुमनमावशी आमच्याकडच्या बौद्ध वधू-वर मेळाव्याची कायमची कार्यकर्ती. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिच्या टेबलाशी बसायचे. तिथे जे शिकले ते स्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्समध्ये कोणी शिकवलं नाही. ज्यांना स्थळ नको असतं ती माणसं भयंकर गोड वागतात. सगळ्याला मान डोलावतात, पोह्यांवर आणखी खोबरं घालतात आणि निघताना म्हणतात, ‘कळवतो’. ते कधीच कळवत नाहीत. ज्यांना खरंच करायचं असतं ते खुसपटं काढतात. नळ किती वाजता येतो? धाकटा दीर काय करतो? खिडकी कुठल्या बाजूला आहे?

एप्रिलमध्ये खेळाडू हेरणारा आमचा जुना स्काउट डेल मला जोनाहच्या घरी घेऊन गेला होता. इंडियानातलं छोटं गाव. जोनाह डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. त्याचा वळणारा बॉल व्हिडिओत पहिल्यांदा बघितला तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. त्याची आई डेनीस शाळेची बस चालवते. तिने आम्हाला फैलावर घेतलं. कपडे कोण धुणार? कोच ओरडतो का? खांदा गेला तर ऑपरेशन कोण करणार? दोन वर्षांत हाकलून दिलंत, तर कॉलेजचा खर्च तुम्ही देणार हे कुठे लिहिलंय? शेवटी म्हणाली, “जोनाह कॉलेजला जातोय.” कॉफीसुद्धा विचारली नाही. डेलने गाडीत बसून रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘आईचा सक्त विरोध.’

त्याच आठवड्यात आम्ही ब्रेडी नावाच्या पोराकडे गेलो. त्याच्या आईने ॲपल पाय खाऊ घातला. वडील आमच्या टीमची टोपी घालून बसले होते. प्रश्न एकही नाही. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “आम्ही टचमध्ये राहू.” डेल गाडीत शीळ घालत होता.

आता चौथा राउंड तोंडावर आला होता आणि दोघेही पोरगे शिल्लक होते.

“ब्रेडी घेऊ,” मार्क म्हणाला. “तो नक्की सही करणार.”

“तो नाही करणार. त्याच्या घरच्यांनी नकार दिलाय, ॲपल पायसकट,” मी म्हणाले. “जोनाह करेल.”

“त्याच्या आईने तर आपल्याला हाकललं,” डेल म्हणाला.

“ज्याला मुलगा पाठवायचा नाही तो कपडे कोण धुणार हे कशाला विचारेल?”

मग मी भर ड्राफ्ट रूममध्ये नागपूरच्या स्थळांवर व्याख्यान दिलं. दोन जण हसून लाल झाले. मार्क हसला नाही. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पण चुकलीस तर पुढच्या वर्षापासून तू कोणाच्या घरी जायचं नाहीस. तू आणि तुझा लॅपटॉप.”

या नोकरीत मला त्या घरभेटीच सगळ्यात जास्त आवडू लागल्या होत्या. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

“जय भीम, मावशी. एक अर्जंट स्थळ आहे.”

“अमेरिकेत? बोल.”

मी सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, “ती नाही म्हणूनच नाही राहिली. पोराच्या शिक्षणाचं लिहून मागून राहिली. दिलं का तुम्ही लिहून?”

“नाही. डेल तोंडी बोलला.”

“मग? शिक्षणाचं कोणी तोंडी ऐकते का, बाई? मी तरी ऐकलं नसतं.”

मी पळत आत आले आणि मावशीचं म्हणणं सांगितलं. मार्कने डेनीसला स्पीकरवर फोन लावला आणि सांगितलं की कॉलेजचा खर्च करारातच लिहून देऊ, टीमने काढून टाकलं तरी मिळेल.

“मी अजून हो म्हटलेलं नाही,” डेनीस म्हणाली.

“हो, मॅडम.”

“तिकडे थंडी किती असते? त्याचं जाड जॅकेट आखूड झालंय.”

मार्कने फोनवर हात ठेवला. “बघ, नाहीच म्हणतेय.”

“जॅकेटबद्दल विचारतेय,” मी म्हणाले. “अरे, निवड त्याला, लवकर.”

आमचा नंबर आला होता. निवडीला जेमतेम मिनिटभर मिळतं. मार्कने माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि जोनाहचं नाव सांगितलं. मी डेलला मिठी मारली. तो बिचारा गांगरला.

जोनाहने पुढच्याच आठवड्यात सही केली. ब्रेडीला दुसऱ्या टीमने घेतलं. त्याचे आईवडील मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या टचमध्ये राहिले आणि मग त्याला कॉलेजला सोडून आले. मार्क आता घरभेटीहून आलेल्या स्काउटला पहिलं विचारतो, “त्यांनी काय काय विचारलं?” माझ्या घरभेटीही चालू आहेत.

सहीच्या दिवशी डेनीसने शेवटचा प्रश्न मला विचारला होता. “हा नीट जेवतो की नाही, ते मी कोणाला विचारू?” मी इतकी हवेत होते की माझाच नंबर देऊन टाकला. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. करार टीमशी झाला आणि जेवणाचा हिशेब मी देते. सुमनमावशीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, “स्थळ जमवावं, बाई, पण आपला नंबर देऊ नये.”