भिंतीला कान लावणाऱ्या काकू

भिंतीच्या आत पाणी कुठून कुठे चाललंय हे नुसता कान लावून सांगणारी बाई अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच, आणि ती आमची घरमालकीण आहे. कामोठ्यातल्या त्यांच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, काकू आमच्या वर. त्यांचं माहेर-सासर दोन्ही मिठागरवालं. भरतीला बांध फुटला की कसं वागायचं हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की नळ गळला तरी त्या तशाच वागतात.

मागे आमच्या सिंकखालचा पाइप सुटला. मी टॉवेल, बादली आणि दोन पातेली घेऊन लढत होतो, बायको प्लंबरला फोन लावत होती. काकू आल्या, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता गच्चीवर गेल्या आणि आमच्या लाइनचा वॉल्व बंद करून आल्या. "आदी पानी बांदा, पुसाचा मंग," म्हणाल्या. ओल्या भिंतीवरच्या बटणाकडे निघालेला माझा हात धरून त्यांनी मेन स्विच पाडला. मला वाटलं, आटोपलं. पण काकूंच्या लेखी मुख्य काम अजून बाकी होतं, ते म्हणजे खालच्याला सांगणं. मिठागरावर बांध फुटला की पहिली हाक शेजारच्या मिठागरवाल्याला, मग त्याच्याशी कितीही भांडण असो.

आणि इथे भांडण होतंच. खाली पहिल्या मजल्यावर त्यांचे धाकटे दीर राहतात. घरचं मिठागर विकलं तेव्हापासून दोघांत अबोला. दिरांना विकायचं होतं, काकूंना नव्हतं. सणाला खाली ताट जातं, शब्द जात नाही. मात्र पाणी गळलं की काकू पदर सावरून स्वतः जिना उतरतात. "भावजी, तुमचेकरं पानी आयलाय. दिवा लावू नका." "बरा, वयनी," म्हणत दीर ओल बघायला वर येतात, चहा होतो, मिठागरावरच्या जुन्या गोष्टी निघतात. भिंत सुकली की अबोला पुन्हा सुरू. आधी मला याचं हसू यायचं, आता गलबलून येतं.

गेल्या वर्षी काकूंच्या मुलाने सगळी पाइपलाइन नवी करून घेतली आणि गळती थांबली. काकू अधूनमधून येऊन आमच्या भिंतीला कान लावायच्या आणि "काय नाय" म्हणून गप्प वर जायच्या. घराला ओल नाही म्हणून हिरमुसलेली घरमालकीण मी पहिल्यांदाच पाहिली. दीर आता थकलेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत.

परवा आमच्या बाथरूममधला नळ ठिबकायला लागला. पाच मिनिटांचं काम, वॉशरही घरात होता. थेंब बादलीत पडत होते, खाली काही जाण्यासारखं नव्हतं. तरी मी वर जाऊन म्हटलं, "काकू, गळतंय. खाली सांगायला हवं."

त्यांनी येऊन नळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "हां, सांगाला पायजे," म्हणाल्या आणि कठडा धरून खाली गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला, मग दिरांचा, "या, वयनी."

त्या दोन तासांनी वर आल्या. नळ मी अजून दुरुस्त केलेला नाही.