माझाच पाय मधी आला

बीदर जिल्ह्याच्या वाट्याला जेवढी लाज आली असेल, तेवढी सगळी माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी एकट्याने उचलली होती. बाकीच्यांनी आपापला वाटा न नेता तसाच टाकून दिला आणि तोही ह्यांनी गुपचूप घरी आणून ठेवला, असं मला पुष्कळदा वाटे. जनवाड्याला त्यांचा शिलाईचा धंदा होता. धंदा म्हणजे ओसरीवर पायाने चालवायचं एक मशीन आणि त्याच्यामागे हे. स्वतःच्याच ओसरीवर ते असे बसत की जणू आपण कुणाची तरी जागा अडवली आहे, आणि कुणी 'सरका' म्हणालं की लगेच सरकता यावं.

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या बसमध्ये ते बसले, तर 'जनवाडा आलं, थांबवा' असं कंडक्टरला सांगण्याची त्यांना लाज वाटे. एकट्या माणसासाठी एवढी भरलेली बस कामून थांबवायची? दुसरं कुणी उतरलं तर त्याच्यामागे उतरायचं, नाहीतर पुढच्या गावापर्यंत जायचं आणि चालत उलटं यायचं. पुढच्या गावात त्यांच्या बऱ्याच ओळखी होत्या, त्या सगळ्या अशा झालेल्या. बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर 'माफ करा' हेच म्हणत. बायकांची मापं घ्यायची त्यांना लाज, म्हणून जुनं झंपर मागून घेत. त्यावर बेतून शिवलेलं नवं झंपर अंगाला झालं नाही तर 'तुमी अंगानं भरलाव' असं कसं म्हणणार? 'कापड आटलं असंल, माय,' म्हणत आणि शिवणीत आधीच सोडून ठेवलेली जादा कापडाची माया उसवून देत. जनवाड्यातल्या बायका वर्षानुवर्षं कापड दुकानदारांना शिव्या देत राहिल्या.

एकदा ते आमच्याकडे बीदरला जेवले. मी कामाची बाई. मुलींच्या शाळेत हेडक्लार्क, सकाळच्या कामांची यादी आदल्या दिवशीच करून ठेवणारी, त्यामुळे माझं सहसा काही चुकत नाही. त्या दिवशी आमटीत मीठ राहिलं. मामा (मी त्यांना मामाच म्हणे) दोन वाट्या आमटी जेवले, हात धुतले, छान झालं म्हणाले. मग मी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला उठले. "अहो मामा, सांगायचं तरी!" तर खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, बीदरात असंच करत्यात."

बसस्टँडपासून आमचं घर लांब, म्हणून एकदा मी त्यांना आणायला गेले तेव्हा सायकलरिक्षा करून दिली. एका माणसानं ओढायचं आणि दुसऱ्यानं बसायचं, ह्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी आपली पिशवी सीटवर ठेवली आणि स्वतः रिक्षाबरोबर चालू लागले. चढ आला तेव्हा मागून ढकललंसुद्धा. पिशवी ऐटीत पुढे, मामा आणि मी मागे, आणि समोरून आमच्या हेडमास्तरीणबाई. लाजेचा थोडा वाटा त्या दिवशी माझ्याही पदरी पडला.

अशा माणसाचा आवाज कधी चढेल असं कुणाला वाटणार नाही. पण एका गोष्टीत तो चढे. दीक्षा घेतल्यापासून बावीस प्रतिज्ञा त्यांच्या अंगात भिनल्या होत्या, आणि तिथं लाज म्हणून नव्हती. माझ्या नणंदेला लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. तेव्हा शेजारची एक कानडी आजी कळवळून म्हणाली, "ग्रहाचा दोष हाय, परिहार करून घ्या." मामा मशीनवरून उठून रस्त्यात आले. "न्हाई! आमच्या घरात परिहार होणार न्हाई! एकदा न्हाई म्हंजे न्हाई!" पार एसटी थांब्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. आजी घाबरून घरात गेली. मग मामांना आपल्या ओरडण्याची लाज वाटली, आणि त्यांनी तिच्या नातवाची फाटकी चड्डी न मागताच शिवून दिली.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्यानंतर चारपाच वर्षांनी मामांना अपघात झाला. थांब्याजवळ ते रस्त्याच्या चांगले बाहेर, भिंतीला लागून उभे होते. रस्त्यात उभं राहायची लाजच होती. एक लॉरी मागे न बघता मागे आली आणि तिचं चाक त्यांच्या उजव्या पावलावरून गेलं. खाली बसलेल्या अवस्थेत मामांनी घाबरलेल्या ड्रायव्हरला विचारलं, "तुमाला कुठं लागलं न्हाई न्हवं?" जमलेल्या लोकांपैकी एकाला त्यांनी त्याच्यासाठी चहा आणायला पिटाळलं. जबानी घ्यायला हवालदार दवाखान्यात आला. "क्या चाचा, गलती किसकी?" मामांनी पाय चादरीखाली ओढून घेतला आणि म्हणाले, "मेराच पाँव बीच में आया, साब." हवालदाराने तेच लिहून घेतलं. त्याचंही काम सोपं झालं.

बोटं गेली, पावलाची हाडं वाकडी जुळली. घरी आल्यावर त्यांनी मशीनवर बसून पाहिलं. मशीनचा पायटा दाबला की खाली जाई तो वर येईना. नणंद मला सांगताना रडली. तिचा नवरा रोजानं जाणारा, त्यातून घर चालणं कठीण, पण ती त्यासाठी रडत नव्हती. मामा रोज सकाळी मशीन पुसतात, सुई ओवतात आणि नुसते बसून राहतात, म्हणाली.

मी चौकशी केली. मोटारीने जखमी झालेल्या माणसाला कोर्टात दावा लावता येतो, पण तो सहा महिन्यांच्या आत. ओळखीचे एक वकील होते, कानडी माणूस, पण मराठी मोडकंतोडकं बोलणारे. ते म्हणाले, "अक्का, मुदतीच्या आत आणा. मुदत गेली की उशीर कामून झाला ह्याचाच एक वेगळा अर्ज, अन् तो जज्जसाहेबांना पटंल न पटंल." मी त्याच रविवारी जनवाड्याला गेले. मामांना म्हटलं, परिहाराचा अर्ज करायचा आहे, बीदरला चला. मामांनी मान खाली घातली. "कामून तरास घ्यायलाव, बाई?" म्हणाले आणि आले नाहीत. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी नणंदेकडे निरोप पाठवी, 'परिहाराचं लवकर करा.' उलटा निरोप येई, 'मामा न्हाई म्हणत्यात.' सहावा महिना लागला. मी त्यांच्या स्वभावाला बोल लावत होते. शेवटी वकीलसाहेबांनाच गळ घातली, आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं जनवाड्याच्या बसमध्ये बसलो.

मामांनी वकिलांना बसायला एकुलती एक खुर्ची दिली, आणि आपला पाय शेजारी पडलेल्या लुगड्याच्या घडीखाली झाकला. वकिलांनी प्रेमानं सुरुवात केली. "अण्णा, परिहार तुमचा हक्क हाय. घ्यायलाच पायजे."

आणि मामांचा आवाज चढला. "सायेब, तुमी शिकल्याले हाव, म्हणून ऐकून घ्यायलोय. म्या बुद्धाला शरण गेल्याला माणूस हाय. पाय गेला तरी चालंल, म्या परिहार करणार न्हाई!"

"अल्ल री, तसं न्हाई अण्णा, करायचं कुठं हाय? घ्यायचं हाय. पैसे मिळत्यात!"

"पैसे घिऊन परिहार करायचा?" मामा हबकलेच. "हे तर लईच वंगाळ की हो!"

वकिलांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा शाळेत गेले ते निजामाच्या काळात, दोनतीन इयत्ता, उर्दूतून. तेव्हा कचेरीची भाषा उर्दू, आणि भरपाईला हर्जाना म्हणत. राज्य बदललं, कचेरी कानडी झाली, हर्जान्याचा परिहार झाला, आणि आम्ही कचेरीतली माणसं तोच शब्द घरीदारी बोलू लागलो. मामांच्या कानावर परिहार पडला होता तो फक्त त्या आजीच्या तोंडून.

"मामा," मी म्हटलं, "परिहार म्हणजे हर्जाना. पूजा नाही, शांती नाही. हर्जाना!"

"हर्जाना?" मामांनी आधी माझ्याकडे, मग वकिलांकडे पाहिलं. "मंग तसं सांगावं की!" नणंद पदर तोंडाला लावून हसली, वकील मोठ्यानं हसले, मीही हसले. मामाही हसले, आणि हसता हसता गप्प झाले. मला वाटलं, झालं काम. मी पिशवीतून अंगठ्यासाठी शाईचा पॅड काढला.

"पर बाई," ते अगदी हळू म्हणाले, "हर्जाना म्हंजी मागायचंच न्हवं का?"

मी उघडलेला पॅड मांडीवर ठेवला, आणि मामाच पुढे बोलू लागले.

"माझी माय सांजच्याला घरोघर भाकर मागत हिंडायची. म्या टोपलं घिऊन मागं. 'वाढा हो माय' असं मोठ्यानं म्हणावं लागायचं, न्हाई तर आतून ऐकूच यायचं न्हाई. मला लाज वाटायची, म्या हळू म्हणायचो, मंग माय मारायची. दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं टोपलं चुलीत घातलं. आता ह्या वयात पुन्यांदा वाढा म्हणू?"

मी पॅडचं झाकण लावलं. टोपलं माझ्या आजीच्याही घरात होतं. आमच्याकडे त्याचं नाव कुणी काढत नाही, आणि शाळेत माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बायकांना ते ठाऊक नाही. मामांसारखी लाजरी माणसं पाहून मी आयुष्यभर हसत आले. त्या ओसरीवर मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. वकीलही खुर्चीवरून उठून ओसरीच्या कडेला बसले. मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता.

बोलली ती नणंद. सासऱ्यांसमोर ती एरवी शब्द काढत नसे. दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "मामा, मागायचं ऱ्हाऊ द्या. पर तुमी खोटं बोललाव."

"म्या? कवा?"

"दवाखान्यात. पाय मधी आला म्हणून सांगितलाव. कुठं आला हुता मधी? भिताडाला चिकटून हुबा हुताव. सगळ्या गावानं बघितलंय. खोटं बोलणार न्हाई म्हणून आमच्याकडून दर पुनवेला म्हणवून घेताव, अन् पोलिसाम्होरं तुमीच खोटं बोलताव व्हय?"

मामांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. पाय गेला तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नसेल. त्यांनी लुगड्याची ती घडी सारखी केली. मग म्हणाले, "व्हय. खोटंच झालं ते." आणि वकिलांना, "सायेब, कोर्टात खरं सांगायला मिळतंय का?"

"तेवढंच सांगायचं असतंय," वकील म्हणाले.

मामांनी उर्दूत सही केली. अर्ज मुदतीत लागला.

तारीख लागायला पुढे वर्ष गेलं. कोर्टात मी त्यांना धरून नेलं. वाटेत तीन जणांना त्यांनी आपल्यामुळे वळून जावं लागलं म्हणून माफी मागितली. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर लॉरीमालकाच्या वकिलानं जुनी जबानी वाचून दाखवली. मामा म्हणाले, "ते म्या लाजंनं बोललो, सायेब. खोटं हुतं." जज्जसाहेबांनी पाय दाखवायला सांगितला. मामांनी डोळे मिटून चप्पल काढली. मग चूक कुणाची, असं विचारल्यावर त्यांनी समोर बसलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की आमचे वकील खाकरले. आणि मग मामा म्हणाले, "त्यांची." आवाज बारीकच होता, पण कारकुनाला लिहून घेता आला.

दावा मंजूर झाला. त्यातून हाताने फिरवायचं मशीन आलं, आणि मामा पुन्हा झंपरांत माया सोडू लागले. आता ते नाहीत. हे सगळं सांगायला बसले की मला निकालाचा दिवस मात्र फारसा आठवत नाही. आठवतो तो साक्षीचा दिवस. साक्ष संपवून आम्ही बाहेर आलो, तर तो ड्रायव्हर चिंचेखाली उभा होता. मला वाटलं, हा आता शिव्या देणार. तो पुढे आला, मामांच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, माफ करा."

मामा लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, माझ्यामागे सरकले. शेवटी हात जोडले आणि लंगडत चालू लागले. मी त्यांना पोचवायला जनवाड्याला निघाले. बसमध्ये बसल्यावर मला हळूच विचारलं, "बाई, कुणी असं म्हणलं की आपण काय म्हणायचं असतंय?"

मी म्हटलं, "असू द्या म्हणायचं, मामा."

त्यांनी तोंडातल्या तोंडात एकदोनदा म्हणून बघितलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पर असू कसं द्यायचं? पाय तर गेला की."