आईची नजर वर

लातूरला माझ्यासाठी खोली बघायला आलेली आई आधी वर बघायची. भिंतीला पोपडे, खिडकीचा पत्ता नाही, दारातच गटार, सगळं चालेल. वर स्लॅब दिसला की बाई आल्या पावली परत. भूकंपात औशाजवळच्या आमच्या गावातली जड मातीच्या छतांची माळवदं बसली आणि माझी धाकटी मावशी त्यांच्याखाली गेली. तेव्हापासून आईचा एकच निकाल : "पत्र्याखाली माणूस मरत न्हाई." सात चांगल्या खोल्या नापास करून तिनं आठवी, पत्र्याची, पक्की केली. घरमालकच गांगरला, त्या खोलीची तारीफ त्यानं पहिल्यांदाच ऐकली असावी.

मला काय, मेडिकलच्या क्लासला आले होते, पाय जमिनीवर नव्हतेच! सोबतीला अहमदपूरची एक मुलगी. दुपारी पत्रा असा तापायचा की आम्ही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन फिजिक्स करायचो. स्टोव्हच्या धुरात खिचडी, खिचडीच्या वाफेत बायोलॉजी. ओल झाकायला भिंतीवर फुप्फुसांचा तक्ता चिकटवला, तर महिन्याभरात बुरशीनं फुप्फुसं काळी केली. "बघ गं, तुझा एक्स-रे आला!" म्हणून मैत्रीण गडबडा लोळली. मीही हसले आणि हसता हसता खोकायला लागले. तो खोकला काही गेला नाही.

सराव परीक्षेत दम लागून मी अर्धा पेपर कोरा टाकून उठले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "खोलीला खिडक्या किती?"

"एकही नाही."

"मग नुसत्या औषधानं भागणार नाही. खोली बदल, नाहीतर गावाकडे जा."

गावाकडे जाणं म्हणजे डॉक्टर होणं संपलंच. मी रडकुंडीला आले. मैत्रिणीनं एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई हजर झाली. दहा मिनिटं पत्र्याखाली बसली नाही तोच पदरानं वारा घेत म्हणाली, "अगं, ही खोली हाय का भट्टी?"

"तूच निवडलीस की!"

तिनं पदर खोचला आणि दुसरी खोली शोधायला बाहेर पडली.

त्याच संध्याकाळी दोन खिडक्यांच्या, स्लॅबच्या खोलीत आमचं सामान पडलं. मैत्रीण खिडक्या उघडझाप करत नाचत होती. आई मात्र किती तरी वेळ उंबऱ्यातच उभी. मग आत आली, माझी गादी खिडकीखाली घातली आणि शेजारी बसली. नजर छताला.

"आई, पड की जरा."

"तू पड बिनघोर," ती म्हणाली. "पोटभर हवा घे. वर मी बघती."