आत्याचा सातवा अल्बम

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. पुढे काउंटरवर लोक आरशात तोंडं वेडीवाकडी करून फ्रेम निवडतात आणि मागे ही गोल काच घेऊन त्या फ्रेमच्या मापाची करते. तिशीत हे काम धरलं, आता छप्पन्नावं चालू आहे. काचेची कड नीट झाली की नाही, हे ती अंगठा फिरवून सांगते, मशीन काय म्हणायचं ते म्हणो. इथली अर्धी नाकं माझ्या अंगठ्याच्या जिवावर चालतात, असं ती स्वतःच म्हणते, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

तर ही बाई गेली बावीस वर्षं व्हिडिओ गेमच्या संगीतावर नाचायचे अल्बम काढते आहे. आजवर सहा काढले. एकच गेम, टीव्हीला जोडायचा एकच जुना, पिवळा पडलेला डबा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावला की तिचा पारा चढलाच. गेममध्ये एक पाणबुड्या आहे. तो डोक्यावर दिवा लावून समुद्राच्या तळाशी निघतो आणि वाटेत त्याला कुणी ना कुणी खातं. अशा दहा लेव्हल, प्रत्येकीची वेगळी धून, सगळ्या टिंवटिंव आवाजातल्या. आत्या ती धून वायरने संगणकात घेते, तिच्याखाली दणदणीत ठोका घालते, आणि अशी काही उलटीसुलटी फिरवते की ऐकणाऱ्याचे पाय त्याला न विचारता हलायला लागतात. माझे लहानपणापासून हलतात. त्यापायी मी शाळेत बाकावर उभी राहिले आहे.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण आत्याचा एक नियम आहे. जी लेव्हल आपण आपल्या अंगठ्याने पार केली नाही, तिची धून घ्यायची नाही. म्हणून पहिला अख्खा अल्बम पहिल्याच लेव्हलवर आहे. नऊ गाणी, एक धून. "दुसऱ्या लेव्हलला शार्क होता," एवढाच तिचा खुलासा. चौथ्या आणि पाचव्या अल्बममध्ये सहा वर्षांचं अंतर पडलं, ते ऑक्टोपसमुळे.

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, "ताई, अगं इंटरनेटवर सगळ्या धुना फुकट पडल्यात. एक बटण दाब की झालं."

"फोटोत डोंगर बघून कुणाचे पाय दुखलेत का रे?" आत्या विचारते. मग बाबा गप्प बसतात, म्हणजे दुसऱ्या खोलीत जाऊन बोलतात.

दर रविवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये तिच्या अल्बमवर नाच होतो. साठेक माणसं येतात. एक न्हावी येतो, तो नाचतानाही लोकांच्या डोक्यांकडेच बघतो. एक नर्स येते, ती रात्रपाळी करून थेट येते आणि सगळ्यांत उंच उड्या मारते. खालून सायरन वाजला की चार-पाच जवान घामाघूम तसेच जिन्याकडे पळतात, आणि परत आले की विचारतात, कितवं चालू आहे? बाबा मात्र कधी आले नाहीत. "मी नाचत नाही," हे ते अशा थाटात सांगतात, की जणू कुणी त्यांना आग्रह केला होता.

यंदा आत्याचा अंगठा अडकायला लागला. वाकला की तसाच राहायचा, मग टक् करून सुटायचा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल.

"नंतर पहिल्यासारखा चालेल ना?"

"कामापुरता चालेल."

"कुठल्या कामापुरता?" आत्याने विचारलं. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली.

आत्या तेव्हा दहाव्या लेव्हलला होती, म्हणजे तळापासून एका ईल माशाच्या अंतरावर. सातव्या अल्बमचा शेवट जिंकल्यावर वाजणाऱ्या धुनेवर होणार, हे तिने रविवारच्या मंडळींना कधीचंच सांगून ठेवलं होतं. "बावीस वर्षं खाली चाललोय! तिथे काय वाजत असेल, विचार करा!" आणि लोक खरंच विचार करायचे. न्हाव्याच्या मते तुताऱ्या. नर्सच्या मते घंटा, पुष्कळ घंटा.

मला विचार करायची गरज नव्हती. पाच महिन्यांपूर्वी, आत्याला खूश करावं म्हणून, मी ती धून शोधून ऐकली होती. आठ सेकंद. टिंग टिंग टुंग, टिंग टिंग टुंग, टूं. संपलं. मला वाटलं फाइल बिघडलीय, म्हणून दुसरी काढली. तिच्यातही तेच. आता सांगावं तर तिचा बावीस वर्षांचा फुगा मी फोडायचा, आणि न सांगावं तर तिने तो दुखऱ्या अंगठ्याने स्वतःच फोडायचा. इकडे आड, तिकडे विहीर. मी पडले भित्री. पाच महिने तोंडाला कुलूप घातलं आणि आत्याच्या घरी जाणंच कमी केलं.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी दुपारी तिने अंगठ्याला शेक दिला आणि खेळायला बसली. बाबाही "सहज आलो" म्हणून आले आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. ईलपाशी श्वास रोखायचं बटण दाबून धरावं लागतं. आत्या दर वेळी घाबरून ते जरा लवकर सोडते आणि मरते. या वेळी ईल आला, आत्याने बटण दाबलं, आणि अंगठा अडकला.

"सुटत नाहीये!" ती ओरडली.

"सोडू नकोस!" बाबा किंचाळले.

ईल वळवळत डोक्यावरून गेला, गेला, गेला, आणि संपला. टक्! अंगठा सुटला तेव्हा पाणबुड्या तळाला उभा होता. "ताई, बुडालीस! शाब्बास, बुडालीस!" करत बाबा खुर्चीसकट आडवे झाले.

मग टिंग टिंग टुंग, टिंग टिंग टुंग, टूं.

पडदा काळा झाला. बाबा जमिनीवरूनच म्हणाले, "हं, आता सुरू होईल." आणि मला रडू फुटलं.

आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

मी मान हलवली. "पाच महिने."

"पाच महिने एकटीने पोटात ठेवलंस? अगं वेडे!" ती हसायला लागली. आधी खुदूखुदू, मग पोट धरून, मग डोळे पुसत. "बरं झालं की! सगळं त्यांनीच करून ठेवलं असतं, तर मी काय केलं असतं?" मला इतकं हलकं वाटलं की मीही रडता रडता हसू लागले.

ती रात्रभर संगणकापुढे बसली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आत्याने आधी ते आठ सेकंद नुसते वाजवले. न्हावी तुताऱ्यांची वाट बघत राहिला. "एवढीच होती," आत्या म्हणाली. "पुढची ही घ्या." आणि ठोका सुरू झाला. त्या सात सुरांची तिने माळ केली, साखळी केली, मग धबधबा केला. घंटा होत्या, तुताऱ्याही होत्या. एकोणीस मिनिटं हॉलची जमीन हलत होती, आणि खाली गाडी धुणारे जवान नळ चालू ठेवूनच वर आले.

ठोका थांबला. मागून, दाराजवळून, एक माणूस गर्दीतून वाट काढत पुढे आला. शर्ट घामाने चिंब, एका पायात बूट नाही, चष्मा कपाळावर. बाबा.

"ताई," ते धापा टाकत म्हणाले, "परत लाव ना गं. माझं आत्ता कुठे जमायला लागलं होतं."