पंखेवाला इन्व्हर्टर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि ऐकताना तोंड कळवळल्यासारखं करू नका, मला त्याची चीड येते.

देवानंद माझा मोठा चुलतभाऊ. मारेगावकडच्या आमच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून, शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. दर उन्हाळ्यात नांगरताना तो धुरा कोरून नांगराच्या एखाद्या ओळीएवढा माझ्या वावरात घुसायचा आणि वर हसायचा — ‘मातीच त हाय, इकडची तिकडं.’ मी काय करायचो? मीही हसायचो. पोटात शिव्या. त्या अजूनही आहेत. कबूल करतोय म्हणजे त्याला माफ केलं, असं समजू नका.

मी विजेची कामं करतो. पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरतो, वायरिंग करतो, पुढे सोलरही बसवायला लागलो. लाइनीचा भरवसा नाही म्हणून देवानंदनं छतावर पॅनल टाकायचं ठरवलं, आणि इन्व्हर्टर कोणता घ्यावा हे विचारायला माझ्याकडेच आला. दुसरीकडे कुठे जाणार? माझ्या पोटातलं त्याला कुठे दिसत होतं?

‘रम्या, तू सांगशीन थोच घेतो,’ म्हणाला.

दुकानात दोन होते. एक पंखेवाला, खोलीतली हवा आत ओढून थंड राहणारा. दुसरा चारी बाजूंनी बंद, पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधून गरमी सोडणारा. आणि ती वर्षं कापसाला भाव नसण्याची. वेचलेला कापूस विकायचा नाही, घरात भरायचा आणि भाव चढायची वाट पाहायची — सगळं गाव हेच करत होतं. देवानंदच्या मधल्या खोलीत कापूस आढ्याला टेकलेला. घरभर खाज, पोरंसोरं अंग ओरबाडत फिरायची. इन्व्हर्टर बसणार त्याच खोलीत, कारण दुसरी जागा नव्हती. तिथे पंखा हवेबरोबर कापसाचे तंतू ओढणार, जाळी तुंबणार, यंत्र तापणार — हे मला ठाऊक नव्हतं? मला नाही तर कुणाला?

‘पंखेवालाच घे, दादा. थंडा राह्यते.’

बंद पडावा, चारचौघांत त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. एवढंच? आज शपथ घेऊन नाही सांगता येत. भिंतीतले स्क्रू मीच पिळले.

पौर्णिमेचा दिवस होता. देवानंदची बायको, सुलोचनावहिनी, त्या खोलीच्या दाराजवळच्या कोनाड्यात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना करायची. त्या सकाळीही केली आणि कामाला लागली. दुपारी धूर दिसला. आम्ही धावलो. घर वाचलं, कापूस गेला. पेटता कापूस बाहेर ओढताना वहिनीचे हात कोपरापर्यंत भाजले.

आग विझल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. विजेचं कळतं ते मलाच ना! मी आत गेलो. इन्व्हर्टर आतून जळून फुटला होता. भिंतीवरचा काळा पट्टा तिथूनच वर चढलेला; कोनाड्याच्या बाजूला नुसता धूर बसलेला. ज्याला बघता येतं त्याला भिंतच सांगत होती. मी बाहेर आलो.

‘यंत्रात काही नाही,’ मी म्हणालो. ‘मेणबत्तीनं लागली.’

भरल्या अंगणात देवानंदनं तिला घाण शिवी दिली — भाजलेले हात पुढे धरून ती उभी असताना. आणि मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते जळकं खोकं भिंतीवरून काढून मी भंगारात घातलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापला तोही कुणाचा? जिचं माझं काही वाकडं नव्हतं तिचा.

तेव्हापासून तिच्या हाती कुणी काडेपेटी देत नाही. विहारात बायका म्हणतात, ‘तू राहू दे वो बाई.’ ती मागे बसते. घरातली मेणबत्ती देवानंद लावतो. त्याच्याशी माझं वैर आहे, तरी त्या घरात मी चहाला जातो. का जातो, विचारू नका.

मागच्या हिवाळ्यात तो घरी नव्हता. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि दाराशी थांबली.

‘भाऊजी, मले वाटते, त्या दिवशी मेणबत्ती मी इझवली होती. वंदना झाल्यावर फुंकर मारल्याचं आठोते. तुमाले काय वाटते?’

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. समोर मी होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

‘आठोते म्हणून खरं राह्यते काय, वहिनी?’ मी म्हणालो.

तिनं कोनाड्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, ‘हाव, थेही खरं हाय. माह्याच हातानं झालं.’