न पाहिलेल्या यंत्रासाठी

वरठीच्या फलाटावर त्या सकाळी मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. दामूचा चुलतभाऊ जिना उतरताना दिसला. तो चिखल्याच्या खाणीत कामाला, या गाडीला त्याचं काय काम, असं मनात येईपर्यंत तो जवळ आला आणि म्हणाला, "दामू गेला ना भाऊ. पहाटेच." गाडी आली, उभी राहिली आणि निघून गेली. आम्ही दोघं बाकावर बसूनच होतो. दामोदर पटले, माझा भंडाऱ्याच्या कॉलेजापासूनचा मित्र, चाळिशीही न पाहता गेला. त्याला आता सात आठवडे होतील.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं बी.एस्सी.ला एका बाकावर बसत असू. मी वरठीचा, तो तुमसरच्या पुढच्या, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या एका गावचा. घरी धानाची शेती. बोलायला हळू, पण एखादी गोष्ट पटली नाही तर ती सोडायचा नाही. पुढे पंच्याऐंशीच्या सुमारास नागपुरात एका लहानशा कॉम्प्युटरच्या ऑफिसात आम्हाला नोकऱ्या लागल्या आणि पुन्हा एकत्र आलो. मी प्रोग्राम लिहायचो, दामू ते तपासायचा. सुरुवातीला हाताने तपासायचा : एकेक आकडा टाकायचा, उत्तर पाहायचं, वहीत खूण करायची. मग त्याला शेल सापडला. शेल म्हणजे यंत्राला हुकूम द्यायची भाषा. त्या भाषेत त्याने एक छोटंसं फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेले हुकूम, लिहिलं, नाव ठेवलं 'तपास'. त्याला एक हुकूम आणि त्याचं अपेक्षित उत्तर द्यायचं. जुळलं तर कागदावर 'ठीक', नाही तर 'चूक' आणि नंबर. दोन दिवसांचं काम चहा होईपर्यंत संपायला लागलं, आणि माझ्या चुका सगळ्या ऑफिससमोर कागदावर छापून यायला लागल्या! मी चिडायचो. तो म्हणायचा, "गिऱ्हाइकानं काढण्यापरीस मी काढलेली बरी नाही का बे?"

लहानपणी त्याला सांधेताप झाला होता, त्याने हृदयाची झडप खराब केली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. स्टेशनचा जिना चढताना तो मधेच थांबून जाहिराती वाचायचा. मला वाटायचं, याला वाचायचा नाद आहे... एका उन्हाळ्यात तो फलाटावरच खाली बसला. डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद केला, आणि दामू गावी घरी बसला.

ऑफिसचे साहेब भले होते. म्हणाले, कागदावर लिहून पाठव, शरद इथे टाइप करेल. शरद म्हणजे मी. तेव्हापासून दर रविवारी मी मोटारसायकलने त्याच्या गावी जाऊ लागलो. जाताना यंत्रातून निघालेले छापील कागद न्यायचे, येताना त्याच्या अक्षरातले, खिडकीच्या उजेडात मांडी घालून लिहिलेले नवे कागद आणायचे. त्याच सुमारास आमच्याकडे नागपुरातल्या एका दवाखान्याचं काम आलं होतं, रक्तदात्यांच्या यादीचं. कोणत्या गावात कोणत्या गटाचा माणूस आहे, ते चटकन सापडलं पाहिजे. दवाखान्यातलं यंत्र दुसऱ्या कंपनीचं, आमच्याहून वेगळं. दामूने ते पाहिलेलं नव्हतं, पुढेही पाहणार नव्हता. आमच्या यंत्रावर चालणारा साधा हुकूम तिथे भलतंच काही छापायचा. जुना शेल असला तर त्याला फंक्शन म्हणजे काय हेच कळत नसे. म्हणून दामू प्रत्येक तपासणी अशी लिहायचा, की ती कोणत्याही यंत्रावर चालावी. आधी यंत्राकडून एक बारीकसं काम करून घ्यायचं, काय उत्तर येतं ते पाहायचं, आणि त्याप्रमाणे पुढचा रस्ता धरायचा. "नव्या गावात गेलं का आपण आधी इचारतोच ना, कोणती बोली बोलता म्हणून?" खाटेवर उशीला टेकून तो सांगायचा, "तसंच याले इचारायचं."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

दवाखान्याचं यंत्र आम्हाला फक्त शनिवारी दुपारी तासभर मिळायचं. एका शनिवारी मामेबहिणीचा साखरपुडा होता. मी लवकर घरी निघालो, दामूच्या तपासण्या त्या यंत्रावर चालवल्याच नाहीत. सोमवारी काम सोपवायचं होतं. आमच्या यंत्रावर प्रोग्राम चांगला चालला होता, तिथेही चालेल, असं मी धरून चाललो. आणि दामू वाट पाहत असेल, त्याला वाईट वाटेल, म्हणून निघण्यापूर्वी ऑफिसात बसून एक ते चाळीस आकडे स्वतःच टाइप केले, प्रत्येकापुढे 'ठीक' लिहिलं आणि कागद छापून घेतला.

रविवारी दामूने कागद घेतला, बोट फिरवत खालपर्यंत वाचला. मग बायकोला, सुमनवहिनींना, म्हणाला, "चहा ठेव वो जरा." त्या आत गेल्यावर माझ्याकडे न पाहता बोलला, "एकतीस नंबरवर 'चूक' यायले पाह्यजे होतं."

"काहून?"

"दोन अन् दोन पाच, असं मुद्दाम लिवलं होतं मी. एखाद्या यंत्रावर आपली तपासणीच झोपली तर समदंच 'ठीक' येते. ते समजावं म्हणून."

त्याचे कागद टाइप करताना ती ओळ मी न वाचताच उतरवली होती. बाहेर पाळीवरून ढोरं परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"चालवलंच नाही ना तू?"

"नाही."

"मी आजारी आहो म्हणून? दया करून राहिला का माह्यावर?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "घरी येते तो माणूस मले म्हणते, दामू, बरा दिसतोस. माय म्हणते, सुमन म्हणते, डॉक्टरही म्हणते. मले समजते ना गड्या... हे एक काम तेवढं खरं राहू दे."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, काम आठवडाभर पुढे ढकला. बोलणी खाल्ली. शनिवारी दवाखान्यात जाऊन सगळ्या तपासण्या चालवल्या. एकतीसवर 'चूक' आलं, यायलाच हवं होतं. पण चौतीसवरही आलं. बी पॉझिटिव्ह मागितलं, की बी निगेटिव्हवाल्यांचीही नावं निघत होती. शोधताना आमच्या यंत्रावर अधिकचं चिन्ह नुसतं चिन्ह होतं, तिथे त्याला वेगळाच अर्थ होता, त्यामुळे नुसता 'बी' जुळला तरी नाव निघायचं. चूक माझी. निगेटिव्ह गटाचा माणूस मुळात मिळणं कठीण. त्याला उगाच वीस कोसांवरून बोलावलं असतं, आणि खरी गरज पडेल त्या दिवशी तो रक्त देऊन बसलेला असता. मी तिथेच प्रोग्राम दुरुस्त केला आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे असे दोन्ही कागद दामूकडे नेले. त्याने ते एखाद्या पत्रासारखे पुन्हा पुन्हा वाचले. "हे पाह्य," म्हणाला, "हे खरं आहे."

माफी मागायची राहून गेली होती, ती मी मागितली. तो फक्त "हो हो" म्हणाला आणि नवे कागद पुढे केले.

पावसाळ्यात त्याचे पाय सुजले. अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलं, कागदावरच्या ओळी कमी झाल्या. शेवटच्या रविवारी कागद नव्हतेच. तो खाटेवर बसून झोपायचा, आडवं झालं की दम लागे. मी शेजारी बसलो. त्याने विचारलं, "शरद, कसा दिसतो मी?"

ओठावर आलेलं मी गिळलं. म्हणालो, "बरा नाही दिसत दामू."

त्याने माझा हात धरला. कितीतरी वेळ धरून ठेवला. "हं," एवढंच म्हणाला. आत वहिनींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. मी बरोबर केलं की चूक, ते मला अजून समजलेलं नाही. नंतरच्या गुरुवारी तो गेला.

परवा गावी गेलो होतो. धान निघालं आहे, घरात माणसांची ये-जा आहे. खाट काढून दामूच्या खोलीत पोत्यांची थप्पी लावली आहे, पार आढ्यापर्यंत. फक्त खिडकीपाशी, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा मोकळी होती. बाहेर ओसरीवर आणखी चार-पाच पोती पडून होती. ती आत सहज मावली असती. मी वहिनींना विचारलं, इथे काहून नाही ठेवली?

"तिथं नोका ठेवू भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईच्या कागदावरचा उजेड अडते."