अस्वल कुणाच्या वासाने आलं

मी अस्वल पाहिलं आहे, पण कॉलेजात ते सांगायची मला चोरी झाली आहे. मी सुरुवात केली की समोरचा आधीच हसतो. म्हणून इथे लिहिते.

आमचं घर कोपरला, खाडीच्या बाजूला. आई डोंबिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकते. घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे प्राणिशास्त्र घेऊन पुढे काय करायचं, हे विचारायला कुणी नव्हतं. ठाण्याच्या कॉलेजातले सर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात नेणार होते. तिथे ज्यांचं काम चांगलं दिसेल त्यांना दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा न्यायचं, अस्वलांच्या खाणाखुणा नोंदवायला, असं त्यांनी सांगितलं होतं. मला ते काम हवं होतं. इतकं, की मी ते कुणाजवळ बोललेसुद्धा नाही.

निघताना आईने सुकटीच्या चटणीचा डबा दिला. आमच्यात लांब जाणाऱ्याला सुकट दिल्याशिवाय घराबाहेर सोडत नाहीत. "थंडीची जागा हाय. तू खा, पोरींना पन दे," ती म्हणाली. मला नको म्हणवेना.

पोहोचलो त्याच संध्याकाळी तिथल्या वाटाड्याने सांगितलं की तंबूत खायचं काहीही ठेवायचं नाही, सगळं स्वयंपाकघरातल्या लोखंडी पेटीत. अस्वलाला फार लांबून वास लागतो. मी लगेच डबा नेऊन दिला. आचाऱ्याने झाकण उघडून बघितलं तेव्हा मुलांनी नाकं दाबली, हसाहशी झाली. मीही हसले. माझ्या तंबूत ठाण्यातल्या नौपाड्याची एक मुलगी होती. तिच्याकडे घरून आणलेले डिंकाचे लाडू होते, ते तिने आपल्या लाल पिशवीतच ठेवले. पेटीत देऊ या का, असं मी भीत भीत विचारलं. लाडवांना कुठे वास येतो गं, असं म्हणून तिने पिशवी उशाशी घेतली.

एका सकाळी सगळे वरच्या कड्यावर मोनाल पक्षी बघायला गेले. माझ्या पायाला फोड आला होता, म्हणून मी मागे राहिले आणि वाटाड्याबरोबर ओढ्यापलीकडच्या मातीत ठसे शोधत होते. त्याने एकदम माझं मनगट धरलं.

आमच्या तंबूपाशी अस्वल होतं. काळं, छातीवर पांढरी कोर. त्याने तंबूचं कापड रद्दीचा कागद फाडावा तसं फाडलं, आत डोकं घातलं आणि लाल पिशवी ओढून काढली. मग चक्क खाली बसलं आणि पिशवी पंजांत धरून खाऊ लागलं. काही घाई नाही. एकदा मान वर करून आमच्या दिशेने हुंगलं, पुन्हा खायला लागलं. ते कधी उठूच नये, असं वाटत होतं. शेवटी ते पिशवी तोंडात धरून देवदारांत शिरलं. स्वयंपाकघराकडे ते फिरकलंही नव्हतं.

वाटाड्याच्या शिट्ट्या ऐकून सगळे धावत खाली आले. तंबूत खायचं कुणी ठेवलं, असं सरांनी विचारलं. वाटाड्या म्हणाला, एक थैली घेऊन गेलं, आत काय होतं ते दिसलं नाही. मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "हिची सुकट होती ना, सर. पहिल्या दिवसापासून वास मारतोय."

मी पळत जाऊन पेटीतून डबा आणला. तो भरलेला होता. "सर, सुकट इथे आहे. पिशवीत लाडू होते."

सरांनी डबा हातात घेतला, झाकणाशी नाक नेलं आणि परत दिला. "बंद डब्यातून येतोय वास. मला येतो तर अस्वलाला नाही येणार?"

परतीच्या गाडीत तेच चाललं होतं. अस्वल म्हणे डोंबिवलीपासून माझ्या मागावर होतं. पुढच्या वेळी पापलेट आण, वाघ बघू. सरही हसत होते. ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

दिवाळीसाठीची नावं ग्रुपवर आली, त्यात तिचं होतं. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि सरांकडे गेले. ते रागावले नाहीत. उलट खुर्ची दिली. माझ्या ठशांच्या नोंदी सगळ्यांत चांगल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं.

"मग सर?"

"अगं, तिथे सुट्टीभर एकत्र राहायचं असतं. खाण्यापिण्यावरून मुलं बोलतात, तुलाच त्रास होईल. तुझ्यासाठीच म्हणतोय."

मला पुन्हा लाडवांचं सांगायचं होतं. पण ते त्यांना माहीत असावं, असं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पहिल्यांदाच वाटलं. मी थँक यू सर म्हटलं आणि बाहेर आले. खोपटच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, कशाला ते आठवत नाही.

दिवाळीत ग्रुपवर फोटो येऊ लागले. एकात ती मुलगी झाडाच्या सालीवरच्या पंजाच्या ओरखड्यांना मोजायची टेप लावून उभी होती. टेप तिने उलटी धरली होती, आकडे दिसत नव्हते. बाकीच्यांनी अंगठे टाकले होते. मीही टाकला.